आत्ताच कशाला?

वर्षभर एका प्रश्नानं डोकं उठवलंय. विचारणारे परके नाहीत. वर्गणी न मागता आणून देणारे, शुद्धलेखनाची चूक सापडली की सकाळीच फोन करणारे आमचेच वाचक. आवाज खाली आणतात आणि म्हणतात, ‘विषय खरा आहे हो, पण आत्ताच कशाला?’

यंदाचा विशेष विभाग ‘आमची शाळा’. हुबळी-धारवाडच्या माणसाला शाळेवर लिही म्हटलं की मिशनची शाळा येणारच. बासेल मिशनचे पाद्री १८३७ साली धारवाडात आणि १८३९ साली हुबळीत आले, तेव्हापासून इथल्या किती पिढ्यांनी त्यांच्या बाकांवर बसून धुळाक्षरं गिरवली. केशवापुरात रेल्वेच्या नोकरीमागून आलेल्या मराठी घरांनी तर मुलं डोळे मिटून फादर-सिस्टरांच्या हवाली केली, आणि बहुतेकांचं भलंच झालं. आलेले लेख त्या मायेनं भरलेले आहेत. एकच लेख वेगळा: चर्चच्या संस्थेत आरोप थेट वरच्या माणसावर झाला तर संस्था कशी वागते. अंक छापखान्यात जाण्याआधीच त्याची कुणकुण लागली आणि फोन सुरू झाले.

या प्रश्नामागची भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या भैरिदेवरकोप्पला जमाव प्रार्थनागृहात शिरून भजनं म्हणत बसला. अटक मात्र पाळकाला झाली. पुढल्याच वर्षी राज्यात धर्मांतरविरोधी कायदा आला. अशा दिवसांत स्वतःच्याच फादरविरुद्ध तोंड उघडणारा माणूस मंडळीला फितूर वाटतो. आम्हाला हे समजतं, कारण इथं आम्हीही थोडेच. मराठी मंडळाच्या हिशेबात घोळ निघाला की जाणती माणसं काय म्हणतात, ते तुम्हीही ऐकलंय. बाहेर कळलं तर कन्नड मंडळी हसतील, आपसात मिटवू. मिटतं. पैसे परत येत नाहीत, एवढंच.

पण पैशाचा घोळ वेगळा आणि तेरा वर्षांचा मुलगा वेगळा. नोव्हेंबर २०१५, मुंबईचं शिवाजीनगर. चर्चमध्ये गेलेल्या मुलावर तिथल्याच फादर जॉन्सन लॉरेन्सनं अत्याचार केला. घरच्यांनी आधी गाठलं ते कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना. भेट झाली, आणि कार्डिनल त्याच रात्री रोमला निघाले. जाताना प्रकरण सहायक बिशपांवर सोपवलं होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. पोलिसांत गेले ते घरचेच. २०१९ मध्ये बीबीसीशी बोलताना मुलाच्या आईनं जे सांगितलं, ते आम्हाला गुन्ह्याइतकंच लागलं. मिस्सेला गेलं की लोक बोलत नसत, शेजारी बसत नसत. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पॉक्सो न्यायालयानं त्या फादरला जन्मठेप दिली. तोवर त्या बाईच्या शेजारून जे उठून गेले, ते कुणी गुंड नव्हते. तुमच्याआमच्यासारखे भले लोक, चर्चचं नाव जपणारे.

हे नाव जपणं कुठवर जातं ते पाहायचं तर ख्रिस्ती धर्मप्रचारक रवी झकरायस यांचं प्रकरण पाहावं. जन्म १९४६ चा, मद्रासचा. संस्था अमेरिकेत अटलांटाजवळ. व्याख्यानं जगभर, आणि पुस्तकं आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती घरांतही. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका बाईनं लैंगिक गैरवर्तनाची तक्रार केली, तर यांनीच तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर दावा ठोकला. तडजोड झाली, तिनं काही बोलायचं नाही असा करार झाला, संस्था गुरूच्या मागे उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. मग मसाज करणाऱ्या बायका बोलू लागल्या आणि संस्थेला स्वतःच वकील नेमून चौकशी करावी लागली. फेब्रुवारी २०२१ च्या त्या अहवालात सगळं आहे. त्यांच्या फोनांत सापडलेली बायकांची दोनशेहून जास्त छायाचित्रं आहेत, आणि एका बाईनं सांगितलेली धमकीही आहे: तू बोललीस आणि माझी बदनामी झाली, तर ज्या लाखो आत्म्यांचा उद्धार हुकेल त्याचा दोष तुझ्यावर. ‘आत्ताच कशाला’चा हा थोरला भाऊ. संस्थेनं माफी मागितली. ज्यानं जाब द्यायचा तो नऊ महिन्यांपूर्वीच गेला होता.

अमेरिका लांबची वाटत असेल तर म्हैसूर घ्या. तिथल्या तेव्हाच्या बिशपांविरुद्ध ३७ धर्मगुरूंनी सह्या करून पोपना पत्र लिहिलं ते २०१९ मध्ये. बिशपांना रजेवर जायला सांगितलं गेलं ते जानेवारी २०२३ मध्ये. बिशपांनी आरोप नाकारले आहेत आणि खरं-खोटं ठरवणारे आम्ही कोण? पण आरोप खोटे असतील तर त्या माणसानं तीन वर्षं संशयाखाली काढली, आणि खरे असतील तर तीन वर्षं खुर्चीवर काढली. यातलं कुठलं बरं, ते ‘आपसात मिटवू’वाल्यांनी सांगावं.

इथं कुणीतरी हमखास पंडिता रमाबाई काढतं. त्यांच्यावरही आरोप झालेच होते ना? झाले होते, आणि म्हणूनच ती गोष्ट नीट सांगायला हवी. रमाबाई जन्मल्या १८५८ साली, गंगामुळाच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. विधवांना शिकवू, धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं वचन होतं. १८९३ मध्ये आरोप आला की मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात. केसरीनं झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागार मंडळावरच्या रानडे-भांडारकरांनी काय केलं? खासगीत कुजबुजले नाहीत. सदन उघडपणे धर्मप्रसारासाठी चालणार असेल तर आमचा त्याच्याशी संबंध नाही, असं सहीनिशी कळवून बाजूला झाले. रमाबाईंनीही लपवाछपवी केली नाही. मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, येणारीला अडवत नाही, असंच त्या म्हणत राहिल्या. त्यांना पैसा पुरवणाऱ्या बॉस्टनच्या मंडळानं ज्युडिथ अँड्र्यूज यांना चौकशीसाठी थेट पुण्याला पाठवलं. कुणाची बाजू बरोबर, यावर आजही वाद घाला. आमचं मन रमाबाईंकडे झुकतं. पण दोन्हीकडचं सगळं नावानिशी, चव्हाट्यावर झालं. सदन बुडालं नाही. उलट तिथंच शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच साली लग्न केलेल्या कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. रमाबाईंचं नाव घेऊन कपाटं बंद करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. आणि हेही लक्षात ठेवावं, की तिथला वाद प्रार्थनेचा होता. अंगाला हात लावल्याची तक्रार अशी वर्तमानपत्रांतून वाद घालून सोडवायची नसते. तिला पोलीस ठाणं आहे.

वर्षाचा आढावा द्यायची रीत आहे, ती उरकतो. जयंत नारळीकर मे महिन्यात गेले. सप्टेंबरात एस. एल. भैरप्पा गेले, त्यांनी आपल्या हुबळीच्या काडसिद्धेश्वर महाविद्यालयात शिकवलं होतं, हे नव्या पोरांना माहीत नाही. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. बायकांच्या मशीदप्रवेशाची बाजू घेतली म्हणून याच बाईंवर २००० साली बहिष्कार पडला होता, हे पेढ्यांत विरघळून गेलं. धर्मस्थळात मृतदेह पुरल्याच्या आरोपांवर जुलैत विशेष तपास पथक नेमलं गेलं, ऑगस्टमध्ये तक्रारदारालाच अटक झाली. पथकानं खणायला घेण्याआधी अर्ध्या राज्याचा निकाल लागला होता, उरलेल्या अर्ध्याचा अटकेच्या दिवशी लागला. महागाईवर लिहीत नाही, अंकाच्या किमतीवरून कळलंच असेल.

तर लेख अंकात आहे, ‘आमची शाळा’ विभागात शेवटी, कुणाच्याही शाळेचं नाव न घेता. फोनवर विचारलं गेलं, ख्रिस्त्यांचंच का, मठांचं का नाही, आमच्या देवस्थानांचं का नाही? रास्त प्रश्न. पुढल्या वर्षी तेही लिहा, पानं राखून ठेवतो. फक्त तेव्हा फोन करू नका.

ज्यांच्या संस्था आहेत त्यांनी कायदा एकदा घरी बसून वाचावा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागते, मग ती चर्चची शाळा असो की मराठी पतपेढी. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ तर कुणालाच सोडत नाही: ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. ट्रस्टींची बैठक बोलावून ठराव करण्याची अट त्यात कुठंही नाही.

रागाची पत्रं छापू, नेहमीप्रमाणे पूर्ण नाव-पत्त्यासह. निनावी पत्र आम्ही छापत नाही आणि या विषयावरही छापणार नाही. पण एखाद्या पाकिटात लहान मुलाची हकीकत निघाली, तर ती फाईलला लावून ठेवता येणार नाही. केशवापूरचं पोलीस ठाणं कार्यालयापासून लांब नाही, आणि कलम १९ संपादकालाही लागू आहे.