लाळ एकाची, वंशावळ साऱ्यांची

'ट्वेंटीथ्री अँड मी' या अमेरिकी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा विकण्याजोगी मोलाची अशी एकच वस्तू तिच्यापाशी उरली होती : सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती. ती कोणी सक्तीने गोळा केलेली नव्हती. आपले पूर्वज कोठून आले, जगात आपले रक्ताचे नातलग कोठे आहेत, या कुतूहलापोटी लोकांनी पदरचे पैसे मोडून, नळीत लाळ भरून, टपालाने ती पाठवली होती. या संग्रहासाठी रीजेनेरॉन या औषधकंपनीने २५.६ कोटी डॉलरची बोली लावली. अखेर जुलैमध्ये संस्थापक अ‍ॅन वोजिस्की यांच्याच नव्या ना-नफा संस्थेने तो ३०.५ कोटी डॉलरला घेतला. दरम्यान दोन डझनांहून अधिक राज्ये या विक्रीविरुद्ध न्यायालयात गेली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांनी आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी केली.

ती पुसून खरोखर काय साधते, हा खरा प्रश्न आहे. बँकेतील खाते बंद केले की व्यवहार संपतो. जनुकीय माहितीचे तसे नाही. सख्ख्या भावाबहिणींचा सरासरी निम्मा डीएनए समान असतो, आजोबा आणि नातवाचा सरासरी पाव. एकाने आपली नोंद काढून घेतली, तरी त्याच्या चुलतबहिणीची नोंद त्याच्याविषयी बोलतच राहते.

हे कसे घडते, ते २०२३ मध्ये याच कंपनीवर झालेल्या माहितीचोरीत दिसले. चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून प्रत्यक्षात जेमतेम १४ हजार खाती उघडली. परंतु 'नातलग शोधा' या सुविधेमुळे त्या खात्यांना जोडलेल्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती पडली. ज्यांचे पासवर्ड शाबूत होते, तेही आपल्या भाऊबंदांच्या निष्काळजीपणामुळे उघडे पडले.

कॅलिफोर्नियातील 'गोल्डन स्टेट किलर' या नावाने कुख्यात असलेला जोसेफ डीअँजेलो एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला तो याच मार्गाने. त्याचा स्वतःचा नमुना कोणत्याच संग्रहात नव्हता. पोलिसांनी घटनास्थळावरील डीएनए 'जीईडीमॅच' या खुल्या संकेतस्थळावर तपासला, दूरचे नातलग सापडले, त्यांच्या वंशावळी मांडून शोध पुढे नेला आणि संशयिताच्या घरापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात यानिव्ह एर्लिख व सहकाऱ्यांनी सुमारे १२.८ लाख लोकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. युरोपीय वंशाच्या व्यक्तीचा शोध घेतल्यास सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा एकच असलेला किंवा त्याहून जवळचा नातलग सापडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. खुनी सापडला याचे दुःख कोणालाही नाही. मात्र हीच पद्धत निरपराध माणसालाही लागू पडते, हे विसरून चालणार नाही.

अर्थात, या चाचण्यांनी अनेकांना न्यायही मिळवून दिला. इंडियानापोलिसमधील वंध्यत्वतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन याने रुग्ण महिलांना अंधारात ठेवून स्वतःचेच वीर्य वापरल्याचे अशा चाचण्यांतून उघडकीस आले. सापडलेल्या सावत्र भावंडांची संख्या नव्वदच्या पुढे गेली. त्या मुलांना सत्य कळण्याचा अधिकार होता, यात शंका नाही. पण ज्यांनी चाचणी केलीच नव्हती, त्यांच्याही घरात ते सत्य न विचारता शिरले.

आपल्याकडे पूर्वजांचा शोध ही परंपरा जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी, मोडीतील दप्तरे, घराण्यांचे कुलवृत्तांत ही त्याची साधने. बहुतेक कुलवृत्तांतांत मुलीची नोंद तिच्या लग्नापाशी थांबते. डीएनएमधील मायटोकाँड्रियाचा धागा मात्र केवळ आईकडून मुलांना येतो आणि पुढे मुलींमार्फतच वाहतो. कागदाने जी वंशरेषा कधी नोंदलीच नाही, ती येथे वाचता येते. कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण बोलके आहे. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, ही त्यांची परंपरागत कथा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले. गलबताची कथा त्याने शब्दशः सिद्ध होत नाही. पण ज्यू वंशाचा दावा पोकळ नव्हता, एवढे ठरते.

एरवी भारतीय ग्राहकाने या टक्केवारीकडे सावधपणेच पाहावे. कंपन्यांचे तुलनेचे संच युरोपीय वंशाच्या नमुन्यांनी भरलेले असतात आणि संच बदलला की तुमचे 'पूर्वज'ही बदलतात. शिवाय भारतातील विविध समूहांचा मोठा संकर सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाला आणि त्यानंतर जातींतर्गत विवाहाची चौकट आवळत गेली, असे हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या संशोधनात दिसून आले. शतकानुशतके आपापसात सोयरीक झालेल्या समाजात दोन अनोळखी माणसे आहेत त्यापेक्षा जवळची नातलग भासू शकतात. पडद्यावर दिसणारा 'चुलतभाऊ' प्रत्यक्षात दहा पिढ्यांपलीकडचा असू शकतो. आणि जात पडताळणीच्या दालनात तर या अहवालाचा काडीचाही उपयोग नाही. तेथे महसुली आणि शाळेच्या जुन्या नोंदीच लागतात.

आपला कायदा याबाबतीत कोठे आहे? डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक मुख्यतः गुन्हे व ओळख पटवण्यापुरते होते आणि तेही सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. संमती आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क हे दोन्ही ज्याची ती माहिती त्या एकट्या व्यक्तीचे मानले आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्या पुतणीने कुतूहलाने नळी भरून पाठवली, तर पुण्यातील तिच्या काकांच्या डीएनएचा सरासरी चौथा हिस्सा त्या संग्रहात जाऊन बसतो. काकांची सही त्यासाठी कोणी मागत नाही आणि ती मागावी, असे सांगणारे एकही कलम या कायद्यात नाही.