आमचे बावखल

परवा भाचीचा मुलगा आला होता. कॉलेजात भूगोल शिकतो. मानव आणि पर्यावरण यांचा एकमेकांवर होणारा परिणाम, असा त्याचा विषय. "आजी, तुम्ही हेच शिकवायचात ना?" म्हणाला. शिकवायचे खरी. पण उदाहरणे सगळी पुस्तकातली, दूरदेशीची. घरामागचे एक कधीच दिले नाही.

आमच्या वाडीत बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. आमच्या पश्चिम पट्ट्यातली जमीन रेताड, समुद्र जवळ. मुरलेले पावसाचे पाणी वजनाला हलके, म्हणून जमिनीखाली खाऱ्या पाण्याच्या वर राहते. पूर्वजांनी थोडे खणून ते मिळवले, निघालेल्या मातीने जागा उंच केली आणि तिथे केळी, पानवेली लावल्या. रहाट ओढून ओढून किती पाणी काढणार? पावसाळ्यात बावखल आजूबाजूचे पाणी पोटात घेई आणि हळूहळू जमिनीत मुरवी. पुढे पंप आले, टँकर भरू लागले. गोडे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे वर सरकते. पुष्कळ विहिरी मचूळ झाल्या त्या अशा.

आमचे बावखल १९९४ साली बुजवले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. डास होतात, जागेला भाव आहे, असे घरात ठरले. कागदावर माझीही सही आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडाले. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, मिठागरांत कामगार अडकले. आमच्या ओटीवर गुडघाभर पाणी होते. एका बावखलाने पूर थांबला नसता, हे मला कळते. खाड्या, मिठागरे, पाणथळ जागा यांवरचे भराव फार मोठे आहेत. पण तेही असेच, एकेका सहीने झाले ना?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या प्रत्येक बावखलाची शहराच्या विकास आराखड्यात नोंद व्हावी आणि मालकालासुद्धा ते बुजवण्याची मुभा नसावी. मालक काय करतात, ते मी घरीच पाहिले आहे.

नातेवाईकांपैकी ज्यांच्या वाडीत अजून बावखल आहे, त्यांनी यंदा मे महिन्यात गाळ काढावा. मला बोलवा. घमेले उचलणे आता जमणार नाही, पण चहा करीन.