तिसरे पाते घेण्याआधी

विमानाची मॉडेल उडवायला शिकणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्यासोबत दुकानात जाणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे : प्रोपेलर त्याच्या दिसण्यावरून घेऊ नका. तीन पात्यांचा रुबाबदार दिसतो, म्हणून जुना काढून तो बसवला जातो. मग मोटर चटका बसेल इतकी तापते आणि दोष बॅटरीला दिला जातो.

प्रोपेलरवर १० x ६ असे छापलेले असते. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा प्रोपेलर हवेत शिरला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच. व्यास मोठा आणि पिच कमी असेल तर ओढ चांगली मिळते. शिकाऊ, सावकाश उडणाऱ्या विमानाला तीच हवी. पिच वाढवली तर वेग मिळतो, पण उड्डाणाच्या क्षणी दम कमी पडतो.

एका इंचाने काय बिघडते, असे वाटू देऊ नका. पिच आणि फेरे तेच ठेवून १० इंचीऐवजी ११ इंची प्रोपेलर फिरवायला जवळपास दीडपट शक्ती लागते. मोटर ती बॅटरीतूनच ओढणार, आणि तुमचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ३० अँपिअरचा असेल तर तो जळूही शकतो.

मुले विचारतात, मग स्पिटफायर या लढाऊ विमानाला पाच पाती कशी? १९३६ साली ते विमान पहिल्यांदा उडाले तेव्हा त्याला लाकडाची दोनच पाती होती. पुढे इंजिन हजार अश्वशक्तीवरून दोन हजारांच्या वर गेले. ती ताकद हवेला द्यायची तर पात्यांचे क्षेत्र वाढायला हवे. पण व्यास फार वाढवला तर टोके जमिनीला लागणार. म्हणून पाती वाढली. तुमच्या मॉडेललाही तिसरे पाते तेव्हाच द्या, जेव्हा खाली जागा उरत नाही. तेव्हा व्यास साधारण एक इंच कमी घ्या. जागा असेल तर दोन पातीच बरी. त्याच शक्तीत ती सहसा जास्त काम देतात.

काहीही बसवा, उडवण्याआधी मोजा. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर लावा, विमान घट्ट बांधा, काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. आकडा मोटर किंवा ईएससीच्या मर्यादेपुढे गेला तर लहान प्रोपेलर लावा. त्या वेळी प्रोपेलरसमोर किंवा त्याच्या बाजूच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, लहान मुले तर नाहीच. तडा गेलेले पाते चिकटवून पुन्हा वापरू नका. फिरताना तुकडा सुटला तर डोळा जाऊ शकतो.

पुढच्या खेपेला दुकानात जाल तेव्हा दोन पात्यांचेच दोन-तीन मापांचे प्रोपेलर घ्या, आणि उरलेल्या पैशांत एक वॅटमीटर.