गृहिणीचें पान आणि अमेरिकेंतील ‘स्लॉपी जो’

रात्रीचें सोपें जेवण कोणतें, असा प्रश्न केला असतां बहुतेक जणी घड्याळाकडे पाहून उत्तर देतात. अर्ध्या तासांत होतें तें सोपें, दोन तास लागतात तें अवघड, असा हा सरळ हिशेब. परंतु एकत्र कुटुंबांत ज्यांनीं संसार केला आहे त्यांस तो अपुरा वाटल्यावांचून राहणार नाहीं. वरण, भात, भाजी आणि पोळी एवढा स्वयंपाक करावयास फार वेळ लागतो असें नाहीं. वेळ लागतो तो वाढावयास. पोळी तव्यावरून ताटांत यावी, अशी घरांतील सर्वांची अपेक्षा. त्यामुळें शेवटचा जेवणारा उठेपर्यंत लाटणारीला ओट्यापासून हलतां येत नाहीं. तेव्हां जेवण सोपें कीं अवघड हें ठरवितांना घड्याळाकडे न पाहतां पंगतीकडे पाहावें. जिनें स्वयंपाक केला तिचें पान त्याच पंगतींत मांडलेलें आहे काय, ही आमच्या मतें खरी कसोटी होय.

या कसोटीस उतरणारा एक परदेशी पदार्थ आज वाचकभगिनींपुढें ठेवावयाचा आहे. त्याचें नांव ‘स्लॉपी जो’. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सामान्य कुटुंबांत, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीं, मुलें शाळेंतून व वडील माणसें कामावरून दमून आलेलीं असतांना हा पदार्थ केला जातो. खिमा कांद्याबरोबर परतावयाचा, टोमॅटोच्या आंबटगोड रसांत शिजवावयाचा, आणि मऊ गोल पाव मधोमध कापून त्यांत भरावयाचा, एवढेंच त्याचें स्वरूप. ‘स्लॉपी’ म्हणजे गबाळा. खातांना सारण चारी बाजूंनीं ताटांत सांडतें, बोटें माखतात, म्हणून हें नांव त्यास चांगलेंच शोभतें. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतील खिमा-पाव ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांस ही जोडी फारशी परकी वाटणार नाहीं.

आतां हा ‘जो’ कोण, याविषयीं खुद्द अमेरिकेंतहि एकवाक्यता नाहीं. आयोवा संस्थानांत मस्कटीन या गांवीं १९२६ सालीं ‘मेड-राइट’ नांवाचें एक खाद्यगृह निघालें. तेथें खिम्याची वडी न थापतां तो मोकळाच पावांत भरून देत. त्याच संस्थानांतील सू सिटी या शहरीं जो नांवाच्या एका आचाऱ्यानें अशा मोकळ्या खिम्यांत टोमॅटोचा रस घातला आणि हा पदार्थ जन्मास आला, अशी कथा सांगितली जाते. परंतु तिची जागा दंतकथांतच आहे. दुसरी कथा फ्लॉरिडांतील की वेस्ट बेटाची. अमेरिकेंतील दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरांत उठली, तेव्हां जो रसेल नांवाच्या गृहस्थानें तेथें एक मद्यगृह उघडलें. प्रसिद्ध कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हे तेथें नेहमीं जात. त्या मद्यगृहास पुढें ‘स्लॉपी जोज’ हें नांव मिळालें. आणि तेंहि मूळचें नव्हे, तर क्यूबांतील हवाना शहरीं जोसे आबेआल यांचें त्याच नांवाचें मद्यगृह होतें, त्यावरून घेतलेलें. न्यू जर्सी संस्थानांत तर याच नांवानें अगदीं निराळा पदार्थ मिळतो: पावाच्या तीन कापांमध्यें थंड मांसाचे काप आणि कोबीची कोशिंबीर रचलेली असते. अमेरिकेंत राहणाऱ्या किंवा प्रवासास जाणाऱ्या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें, म्हणजे ऐन वेळीं घोटाळा होणार नाहीं.

नांवाचा उगम कांहींहि असो, पदार्थ घरोघरीं रुजला तो काटकसरीमुळें. १९२९ सालीं अमेरिकेंत मोठी आर्थिक मंदी सुरू झाली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या मार्चपासून १९४५ च्या नोव्हेंबरापर्यंत, तेथें मांसावर नियंत्रण होतें. अशा दिवसांत थोडक्या खिम्यांत कांदा व टोमॅटो घालून तो वाढविणें आणि पावाच्या आधारानें सहा माणसांचीं पोटें भरणें, ही युक्ति गृहिणींस फार उपयोगीं पडली. पुढें सुबत्ता आली तरी पदार्थ गेला नाहीं, कारण तोंपर्यंत त्याचा दुसरा गुण लोकांच्या ध्यानांत आला होता. तो गुण म्हणजे, हा पदार्थ थांबूं शकतो. मंद आंचेवर अर्धा-पाऊण तास राहिला तरी बिघडत नाहीं. उलट त्याची चव मुरते.

१९६९ सालीं ‘हंट्स’ कंपनीनें ‘मॅनविच’ या नांवानें या पदार्थाचा तयार रस डब्यांतून विकावयास काढला. खिमा परतावा आणि वर डबा उपडा करावा, इतकें तें सोपें. परंतु या डब्यानें प्रत्यक्षांत किती श्रम वांचतात, याचा विचार केल्यास असें दिसून येईल कीं, कांदा व टोमॅटो चिरण्याचीं दहा मिनिटें काय तीं वांचतात. उलट साखर व मीठ यांचें प्रमाण आपल्या हातून जातें. घरांत मधुमेहाचीं व रक्तदाबाचीं माणसें असतां हें प्रमाण आपल्याच हातीं असलेलें बरें. यासाठीं घरचा रसच चांगला.

मूळ पदार्थ गोमांसाचा असतो, हें येथें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. त्याची तेथील रीत साधारणतः अशी: एक पौंड, म्हणजे सुमारें साडेचारशें ग्रॅम खिमा, एक बारीक चिरलेला कांदा, अर्धी ढोबळी मिरची व लसणाच्या दोन पाकळ्या हें सर्व परतून सुटलेली चरबी काढून टाकतात. मग त्यांत एक पेला टोमॅटोचा रस, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा वाटलेली मोहरी व एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस घालून पंधरा-वीस मिनिटें मंद आंचेवर आटवितात. एवढ्यांत पांच-सहा पाव होतात. ज्या कुटुंबांत मांसाहार चालतो पण गोमांस चालत नाहीं, त्यांनीं याच मापानें बकऱ्याचा किंवा कोंबडीचा खिमा घ्यावा. मात्र बकऱ्याचा खिमा आधीं मऊ शिजवून घेतला पाहिजे.

शाकाहारी कुटुंबांनीं मात्र हें वाचून पान उलटण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतच हा पदार्थ अख्ख्या मसुरांचा करण्याची रीत आतां चांगली रुळली आहे. वॉशिंग्टन व आयडाहो या संस्थानांच्या सीमेवर पलूज नांवाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथें मसुराचें पीक मोठ्या प्रमाणावर होतें, आणि तेथील पुलमन गांवीं १९८९ सालापासून मसुराचा उत्सवहि भरत आला आहे. म्हणजे मसुराचा ‘जो’ हा आपण परक्याच्या पदार्थाशीं केलेला खेळ नसून, त्याच मातींत उगवलेल्या धान्याचा तेथीलच प्रकार आहे.

एका गोष्टीविषयीं सावध राहावें. वूस्टरशर सॉस दिसावयास निरुपद्रवी असला तरी मूळ इंग्रजी रीतीच्या त्या सॉसांत अँकोव्ही जातीची लहान मासळी घालून मुरविलेली असते. शाकाहारी म्हणून केलेल्या पदार्थांत ती नकळत जाते. सुदैवानें त्याच सॉसांत चिंच व उसाची काकवीहि असते. तेव्हां चिंचेचा कोळ व गूळ घातला म्हणजे त्या चवीचा मोठा भाग आपल्या फडताळांतूनच भरून निघतो. चिंच-गुळाची आमटी ज्या घरांत होते त्या घरांतील जिभेस या रसाची ओळख नव्यानें करून द्यावी लागणार नाहीं.

आठ माणसांसाठीं बारा पाव होतील असें साहित्य पुढीलप्रमाणें घ्यावें. अख्खे मसूर तीनशें ग्रॅम. मोठे कांदे दोन. ढोबळी मिरची एक. लसणाच्या पांच पाकळ्या. पिकलेले टोमॅटो अर्धा किलो. तेल तीन मोठे चमचे. लाल तिखट एक लहान चमचा. जिऱ्याची पूड एक लहान चमचा. मोहरीची पूड अर्धा लहान चमचा. चिंचेचा दाट कोळ एक मोठा चमचा. किसलेला गूळ दोन मोठे चमचे. मिरपूड व मीठ बेतानें.

मसूर निवडून, धुऊन तासभर भिजत घालावे. नंतर तिप्पट पाण्यांत वीस-पंचवीस मिनिटें उकडावे. दाणा बोटांनीं सहज चेपला गेला पाहिजे, पण फुटतां कामा नये. कुकरांत तो चटकन् फुटतो, म्हणून उघडें पातेलें बरें. मसूर पुरते शिजल्यावांचून टोमॅटो व चिंच यांशीं त्यांची गांठ घालूं नये. आंबटांत कडधान्य शिजावयास फार उशीर लागतो. उकडलेले मसूर निथळून त्यांचें पाणी राखून ठेवावें.

जाड बुडाच्या पातेल्यांत तेल तापवून कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. मग लसूण व ढोबळी मिरची अगदीं बारीक चिरून घालावी. ती नरम पडली कीं तिखट, जिरें व मोहरीची पूड टाकून लगेच टोमॅटो वाटून ओतावे, म्हणजे मसाला करपणार नाहीं. कडेस तेल दिसूं लागलें म्हणजे मसूर, कोळ, गूळ, मीठ, मिरपूड आणि राखलेल्या पाण्यांतील एक वाटी पाणी घालावें. सुमारें चतुर्थांश मसूर पळीच्या पाठीनें पातेल्याच्या कडेस ठेचावे. त्यानें सारणास मिळून येतें. मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटें ठेवून मधूनमधून ढवळावें. पळी बुडाशीं ओढली असतां मागें क्षणभर वाट दिसली म्हणजे सारण झालें असें समजावें. पातळ राहिल्यास पाव भिजून गळतो. फार आटल्यास तें ‘गबाळें’ राहत नाहीं, आणि मग पदार्थाची सारी मजाच जाते. पाव मधोमध कापून आंतील बाजू तव्यावर किंचित् भाजून घ्यावी, म्हणजे रस लागला तरी तो तग धरतो. बरोबर काकडीची किंवा कोबीची कोशिंबीर असली कीं पुरे. मैद्याच्या पावाऐवजीं कणकेचा मिळाल्यास अधिक उत्तम; गहूं व मसूर यांतील प्रथिनें एकमेकांची उणीव भरून काढतात.

येथवर पाककृति झाली. परंतु पदार्थाचा खरा उपयोग व्हावयाचा तर त्याची वाढण्याची रीतहि उचलली पाहिजे. सारणाचें पातेलें मध्यभागीं ठेवावें, शेजारीं पावांची चळत, आणि ज्याचा पाव त्यानें भरावा. ज्यास थोडें हवें तो थोडें घेतो, ज्यास पुन्हां हवें तो पुन्हां घेतो. ‘अजून एक आण’ अशी हांक ओट्याकडे जात नाहीं. सायंकाळीं सातास जेवणारे आजोबा आणि नऊ वाजतां कामावरून येणारा मुलगा या दोघांसाठीं दोनदां पोळ्या कराव्या लागत नाहींत. उशिरां येणाऱ्यानें पातेलें जरा गरम करून घ्यावें. उरलेलें सारण थंड झाल्यावर झांकून शीतकपाटांत ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकतें.

यावर आक्षेप निघेल कीं, आमच्या घरांतील वडील मंडळींस पाव रुचत नाहीं. तो आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठीं दुपारींच चार पोळ्या अधिक करून ठेवाव्या. हें सारण पोळीशीं किंवा भाकरीशीं उसळीसारखेंच लागतें. हें रोजचें जेवण व्हावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ पुरे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि ती बहुधा आपणच उत्पन्न करतों. ‘नुसतें पाव-सारण कसें वाढावें?’ असें मनांत येऊन थोडा भात टाकला जातो, मग त्यावर कढी लागते, पापड तळले जातात, आणि सोपें म्हणून योजलेलें जेवण नेहमींपेक्षांहि जड होऊन बसतें. हा मोह निग्रहानें टाळावा. एका पातेल्याचें जेवण एका पातेल्यांतच राहूं द्यावें.

सासवा-सुना, जावा-जावा ज्या घरांत एकत्र नांदतात तेथें तर या संध्याकाळचा लाभ दुहेरी आहे. एरवीं एक लाटते, दुसरी भाजते, तिसरी वाढते, आणि तिघींचें जेवण मागाहून, उरल्यासुरल्या आमटीशीं होतें. मुलांच्या शाळेंतील गोष्टी, वडिलांचे बेत, घरांतील खर्चाचे विचार हे सर्व पंगतींतच बोलले जातात. आणि ज्यांच्या हातीं घराचा दैनंदिन कारभार, त्यांच त्या बोलण्यांत नसतात. घरांतील निर्णय त्यांस मागाहून कळतात, याचें एक कारण त्या तव्यापाशीं उभ्या असतात, हेंहि आहे.

म्हणून हा पदार्थ ज्या दिवशीं कराल त्या दिवशीं घरांतील माणसें मोजून आधीं सर्व ताटें मांडावीं, स्वयंपाक करणाऱ्यांचीं सुद्धां, आणि मगच पातेलें मध्यें आणून ठेवावें. बोटें सर्वांचीच माखतील. त्यासाठीं ओलें फडकें व पाण्याचें भांडें जवळ असूं द्यावें, म्हणजे त्यानिमित्तानेंहि कोणास उठावें लागणार नाहीं.