विंगेत या!

येत्या ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' उभे केले, त्याची ही आठवण. दरवर्षी नटराजपूजन होते, नारळ फुटतो, भाषणे होतात. यंदा पालिकांनी आपल्या नाट्यगृहांचा मागचा दरवाजा तासभर प्रेक्षकांसाठी उघडावा.

तिसऱ्या घंटेनंतर जे दिसते, त्याच्या कितीतरी आधी खेळ सुरू झालेला असतो. टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट उतरतात, पडद्यामागे हातोडी वाजते, दोन-तीन तासांत दिवाणखाना उभा राहतो. प्रयोग संपला की तोच दिवाणखाना मोडून, बांधून, पुढच्या गावाला. कपडेपटवाले, रंगभूषाकार, प्रकाशयोजनेवरचा माणूस, पडदा ओढणारा यांना टाळी क्वचितच मिळते. ज्या प्रेक्षकाने नेपथ्य लागताना एकदा पाहिले, तो प्रयोगात मोबाइल वाजू देणार नाही, असे आम्हाला वाटते. (भाबडेपणा असेल, पण करून पाहायला काय हरकत?)

'गुपित फुटेल' ही भीती फोल आहे. सिंधुदुर्गात दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतात आणि गावची पोरे दारातून डोकावून ते पाहतात. तोच माणूस मध्यरात्री संकासुर होऊन आला की हीच पोरे आईच्या कुशीत शिरतात.

अडचण वेगळीच आहे. पाहुणे आत आले तर गळके छत, कोंदट रंगपट आणि स्त्री-कलाकारांसाठीची स्वच्छतागृहेही त्यांना दिसतील. आम्हाला तर तेही दिसावे असेच वाटते.