कुंपण गावाचे असावे

तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा आहे. बावनथडी-वैनगंगा नद्यांच्या या पट्ट्यात एकेकाळी धान कापला की शिवार मोकळे व्हायचे आणि गुरे बांध्यांत सुटायची. आता चांदपूर जलाशयाच्या पाण्यावर सिहोरा भागात उन्हाळी धानही उभा राहतो. शिवार मोकळे असण्याचे दिवस घटले, त्यात रानडुकरांचा उपद्रव. साहजिकच तारेचे कंपाउंड ही शेतकऱ्याची गरज झाली आहे. ही गरज खरी आहे. पण प्रत्येकाने आपापला तुकडा वेढून ती भागणार नाही.

शेतराखण हे इथे पूर्वी गावाचे काम होते. गुरे सकाळी आखरावर जमत, ढोरकी त्यांना रानात नेई आणि त्याचा मोबदला सगळी घरे मिळून देत. बांधावर बाभळी-बोरीच्या काट्या असत, पण पिकाची खरी राखण माणूस करत असे. 1871 च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने ही जबाबदारी कागदावर आणली. पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई आणि मालकाला दंड भरून ते सोडवावे लागे. पीक वेढून घेण्याची सक्ती नव्हती, जनावर सांभाळण्याची होती.

तिकडे अमेरिकेत नेमके उलट घडले. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनला 1874 मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि काही वर्षांतच मोकळी कुरणे वेढली गेली. टेक्सासात 1883 मध्ये तारा कापण्यावरून रक्तपात झाला. पुढच्या वर्षी तार कापणे हा तिथे गंभीर गुन्हा ठरला. आपल्याकडे त्याच्या थोडे आधी इंग्रज सरकारने मिठाचा कर चुकू नये म्हणून शेकडो मैल काटेरी झाडांचे कुंपण वाढवले होते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम त्या वेळी जकात खात्यात होते आणि या जिवंत कुंपणाला त्यांनीच जोर दिला. 1879 मध्ये ती जकातरेषा सोडून देण्यात आली. कुंपण कोणासाठी आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न तेव्हाही होता.

इकडे 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क भक्कम झाला, हे न्याय्यच होते. मात्र तळी, चराई आणि रान यांची सामाईक घडी विस्कटली, ती पुन्हा नीट बसली नाही. पुढे ढोरकीही दिसेनासा झाला आणि राखणीचा सगळा भार बांधावरच्या तारेवर आला.

त्या तारेचे काम कसबाचे आहे. जाणता ठेकेदार आधी कोपरे पाहतो. तार ताणली की सगळा ओढा कोपऱ्यावर येतो, म्हणून तिथला खांब जाड, खोल आणि काँक्रीटमध्ये बसवलेला असतो. तारेच्या दोन्ही दिशांनी त्याला तिरपे टेकू दिलेले असतात. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून, आठ-दहा फुटांवर, दोन फूट खोल खड्ड्यांत अँगलचे मधले खांब उभे राहतात. मधल्या खांबांना तार बाइंडिंगने अशी बांधतात की ती जागेवर राहावी, पण थोडी सरकावीही. उन्हाने तार सैल होते, थंडीत आवळते; करकचून बांधली तर सगळा ताण एका खांबावर येतो. बरडीत सब्बल दगडावर आपटते. कन्हार जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ खांब वाकवते. बारा गेजची तार चौदापेक्षा जाड असते, हे ठाऊक नसलेला शेतकरी सहज फसतो. डुकरासाठी तर खालची फट महत्त्वाची, कारण ते वरून उडी मारण्याऐवजी खालून घुसते.

अशा कुंपणाचा खर्च न झेपणारा कोणी तारेत थेट वीज सोडतो. त्यात रानडुकरे मरतात, वाघ मरतात आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. हा गुन्हा आहे, आणि त्याला नाइलाज म्हणून पाठीशी घालता कामा नये. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचा झटका देते, त्याने जनावर बिचकते, मरत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्याला अनुदानही आहे.

आता साधा हिशेब करू. एक एकराच्या चौरस तुकड्याचा घेर सुमारे 254 मीटर. असे शंभर तुकडे वेगवेगळे वेढले तर पंचवीस किलोमीटरहून जास्त कुंपण लागते. तेच शंभर एकर एका चौरस चकात असतील तर सुमारे अडीच किलोमीटर पुरते. प्रत्यक्ष शिवार असे चौकोनी नसते, तरी फरक प्रचंडच राहतो. शिवाय एकाने वेढले की डुकरांचा कळप शेजारच्या उघड्या बांधीत जातो, आणि तो शेजारी बहुधा गावातला सर्वांत गरीब असतो.

म्हणून अनुदान व्यक्तीऐवजी आधी चकाला मिळावे. कुंपणाची आखणी ग्रामसभेत ठरावी. नाल्याकाठची वाट जनावरांसाठी खुली राहावी, पांधणीवर फाटक असावे, दुरुस्तीचा निधी गावाने ठेवावा. आयटीआयमध्ये या कामाचे प्रशिक्षण सुरू करावे, म्हणजे तुमसरच्या तरुणांना गावातच रोजगार मिळेल. वेगवेगळ्या बांधांवर ओतला जाणारा पैसा एका वेढ्यात घातला, तर ज्याच्या खिशात तारेपुरतेही पैसे नाहीत, त्याचेही पीक वाचेल. सार्वजनिक पैशाने एवढे तरी साधलेच पाहिजे.