बंदूक खांद्यावर, कान वाऱ्यावर

आपल्याकडे आंधळ्याची कीव येते आणि बहिऱ्याचे हसू येते. गावच्या नाटकात बहिरा म्हातारा आला की तो काहीतरी भलतेच ऐकणार आणि मंडप खदखदून हसणार, हे ठरलेलेच. म्हणूनच की काय, डोळ्यात कचरा गेला तर धावाधाव करणारे आपण कानाला दडे बसले तर 'उद्या सुटतील' म्हणून झोपी जातो. बहुतेक वेळा ते सुटतातही. घात तिथेच आहे.

बंदूक आणि बहिरेपणा यांवर लिहितो आहे असे सांगताच एका वर्गमित्राने विचारले, 'आता शिकार कुठे राहिली?' प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. आमच्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बांधवांचे जुने हत्यार तर तीरकामठा. कानाच्या दृष्टीने त्याहून निर्दोष हत्यार जगात नसेल. पण बंदूक गेली कुठे? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय आहे. ज्याच्याकडे बंदूक नाही तो रानडुकरांना पिटाळायला सुतळी बॉम्ब फेकतो, किंवा प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड भरून बार काढतो. २०२५ च्या दिवाळीत आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात या कार्बाइड बंदुकीने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. वर्तमानपत्रे डोळ्यांच्या बातम्यांनी भरली आणि ते योग्यच होते. कानांची मात्र कोणी चौकशी केली नाही.

आणि आपण कॉलेजातले? एन.सी.सी.च्या गोळीबारात पॉइंट टू-टू रायफल हाती येते तेव्हा कोण आनंद होतो! साध्या बोलण्याचा आवाज सुमारे ६० डेसिबल. या रायफलीचा बार १३० ते १४० च्या घरात जातो, आणि मोठ्या रायफली १५० च्याही पुढे. आकडे दुपटीअडीचपटीचे दिसतात म्हणून फसू नये. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे ६० पासून १४० पर्यंत ती दहा कोटी पट वाढते. फटाक्यांसाठी कायद्याने मर्यादा घातली आहे ती चार मीटर अंतरावर मोजायची. बंदूक तर गालाला टेकलेली असते.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखे कर्णावर्त असते. त्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाज पकडून मज्जातंतूकडे पोचवतात. मोठा आवाज झाला की कानातला एक चिमुकला स्नायू आखडून थोडे संरक्षण करतो. पण तो आखडेपर्यंत गोळीचा धक्का आत पोचून गेलेला असतो. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होते. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. 'स', 'च', 'फ' पुसट होतात. 'सार', 'चार' आणि 'फार' यांत भेद राहत नाही. मग घरची माणसे म्हणतात, 'याला ऐकू येतं, लक्षच देत नाही!' उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

आपल्या भागातली किती मुले पहाटे उठून भरतीसाठी धावतात, हे मी सांगायला नको. छाती भरते, उंची बसते, धाव वेळेत पुरी होते. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र ६१० सेंटिमीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने ऐकू यावी लागते. ज्या घरातून पहिलाच मुलगा नोकरीच्या उंबरठ्यापर्यंत पोचला, त्याला तिथे एका कानापायी परत पाठवले तर त्याची भरपाई कोण करणार?

कानात बोळे घालणे हे भित्रेपणाचे लक्षण, असा एक वेडा समज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले. त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच कान झाका असा आग्रह आहे, आणि तो नेमबाजापुरता नाही. गोळीबाराच्या रेषेजवळच्या सर्वांसाठी आहे. शेजारच्याची रायफल आपल्याही कानाशीच वाजते. शिकवणाऱ्यांचे कान तर वर्षानुवर्षे ते सोसतात.

माझी सूचना साधी आहे. आपल्या कॉलेजात गोळीबाराच्या दिवशी हजेरीबरोबर प्रत्येकाचे कानही तपासावेत. कापसाचा बोळा नाममात्र उपयोगी. फोमचे बोळे थोड्या रुपयांत मिळतात. बोळा बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. अर्धवट खोचलेला बोळा शोभेचा. आवाजानंतर कान दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला, तर कोमट तेल सोडण्यापेक्षा कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

माळ्यावर रात्र काढणाऱ्या राखणदाराची अडचण वेगळी आहे. त्याला उसातली सळसळ ऐकायची असते. बोळे घालून तो राखण कशी करणार? त्याने कानावर बसणारी टोपणे गळ्यात अडकवावीत आणि बार काढण्याआधी कानांवर चढवावीत. बार झाला की पुन्हा खाली.